असल्फ्याचं ‘पोझितानो’ बघायला जाताना

आधी नाव पक्कं करा. घाटकोपरहून मेट्रोत बसलात की जागृती नगर आणि मग असल्फा; दुसरंच स्टेशन. 2017 सरता सरता स्वयंसेवकांनी या टेकडीवरच्या घरांना रंग दिला आणि लगेच तिचं ‘मुंबईचं पोझितानो’ असं बारसंही झालं. खरं पोझितानो इटलीत, समुद्राकाठी. असल्फ्यात समुद्राच्या जागी मेट्रोचा पूल आहे, पण कॅप्शनला तेवढं चालतं. सोबत ‘हिडन जेम’ही लिहा. ज्या जागेचं नाव मेट्रोत दर गाडीला पुकारलं जातं, ती लपलेली आहे हे ओळखायला नजर लागते.

वेळ निवडताना पाण्याची वेळ विचारून घ्या आणि नेमके तेव्हाच चढा. टेकडीवर जसजसं वर जावं तसा नळाचा दाब कमी होतो. वरच्या घरांना पाणी बारीक धारेनं आणि थोडाच वेळ मिळतं, त्यामुळे त्या तासाभरात सगळी गल्ली पाइप, पिंप आणि हंड्यांनी भरलेली असते. रंगीत भिंतीपुढे पितळी हंडा काय खुलून दिसतो! गल्ली जेमतेम तीन फुटांची. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरले की त्यांनाही तेवढीच जागा लागते, म्हणजे माप अगदी बरोबर. कमरेवर भरला हंडा असलेल्या बाईला बाजूला सरता येत नाही. तिला एक तर चार पायऱ्या उलटं उतरावं लागतं, नाहीतर पाणी तुमच्यावर सांडतं. कॅमेऱ्याची वॉरंटी घरी वाचून निघा. पाण्यानं झालेलं नुकसान तिच्यात सहसा बसत नाही.

लेन्स 16 मिलिमीटरची घ्या. तिच्यातून तीन फुटांची गल्ली सहा फुटांची दिसते आणि घरात हवा खेळती असणार असं बघणाऱ्याला वाटतं. डोळ्याला दिसतं तसं दाखवणारी 50 ची लेन्स मुळीच नको. तिच्यात अख्खं चित्र मावायचं तर मागे सरावं लागतं, आणि मागे सरलात की समोरच्यांच्या मोरीत.

पायऱ्यांचं गणित वेगळं आहे. अशा वस्तीत प्रत्येकानं आपल्या दारापुरत्या पायऱ्या बांधलेल्या असतात, त्यामुळे एक सहा इंचांची, तर पुढची दहाची. गुळगुळीत तळाचे पांढरे बूट घाला, आणि शक्यतो जुलैत या, शेवाळं चांगलं धरलेलं असतं. जिन्यावरचं चित्र पायऱ्यांच्या उभ्या बाजूवर काढतात, म्हणून ते खालून चढणाऱ्यालाच दिसतं. वरून कामाला निघालेल्या माणसाला नुसतं सिमेंट दिसतं. तेव्हा तुम्ही खाली फोटो काढत असताना तो वर का खोळंबलाय आणि घड्याळ का बघतोय, याचं नवल करू नका. त्याला चित्रच दिसत नाहीये, बिचारा.

परवानगीच्या भानगडीत पडू नका. दाराला लागून भिंत, भिंतीवर चित्र, म्हणजे दारही चित्राचाच भाग. उंबऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आजी फ्रेममध्ये येत असतील तर गोड आवाजात म्हणा, “आजी, जरा आत बसता का?” आत दहा बाय दहाच्या खोलीत नातू रात्रपाळी करून झोपलाय, हे त्या सांगतीलच. मग म्हणा, “बरं, मग इथेच बसा, पण इकडे बघू नका. नॅचरल येऊ दे.” दोरीवरचे कपडे मात्र स्वतःच सरकवा, रंगसंगतीप्रमाणे. ओला गाऊन पिवळ्या भिंतीवर चांगला दिसत नाही.

दक्षिण कोरियात सोलमधल्या इह्वा वस्तीतल्या लोकांना ही कलादृष्टी नव्हती. डोंगरउतारावरची ती वस्ती 2006 मध्ये सरकारी प्रकल्पातून रंगली. देवदूताच्या पंखांचं एक चित्र इतकं गाजलं की रहिवाशांच्या तक्रारींनंतर चित्रकारालाच ते पुसावं लागलं. पुढे 2016 मध्ये गर्दी, गोंगाट आणि कचऱ्याला कंटाळून काही रहिवाशांनी जिन्यांवरची फुलं आणि मासे राखाडी रंगानं बुजवून टाकले. आपल्याकडे लोक अजून “चहा घेणार का?” विचारतात. नाही म्हणा. वडापावही खाऊ नका. पाण्याची बाटली घरून आणा आणि रिकामी झाली की खिडकीच्या गजात खोचा. फक्त संडास कुठे आहे, एवढं विचारा. सार्वजनिक आहे आणि रांग आहे म्हटल्यावर तुमचा चेहरा जसा होतो, त्याचा सेल्फी घेतलात तर तो मात्र खरोखर नॅचरल येईल.

परतल्यावर आपणही एखादी वस्ती रंगवावी, अशी ऊर्मी येतेच. तर कृती अशी. भिंत खरवडू नका, तारेचा ब्रश लावू नका, प्रायमर तर नकोच. शनिवार-रविवारात हे सगळं बसत नाही. नवं प्लास्टर असेल तर ते अठ्ठावीस दिवस मुरण्याची वाट कोण बघणार? बाहेरच्या भिंतींच्या इमल्शन रंगाचा एक लिटर दोन हातांत साधारण 50 ते 60 चौरस फूट जातो, तेव्हा एकच हात द्या आणि दुप्पट घरं मोजा. पत्र्यालाही तेच इमल्शन फासा. खाली रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट लागतो, असं रंगारी म्हणेल. त्याला काय कळतं कलेतलं? ओलसर भिंतीला लोणा लागून पहिल्या पावसाळ्यातच रंगाचे पापुद्रे सुटतील, पण तोवर तुमचा व्हिडिओ फिरून झालेला असेल. आणि भिंती निवडताना मेट्रोतून दिसतात त्याच घ्या. मागच्या बाजूला राहणाऱ्यांनी घर घेताना विचार करायला हवा होता.

संरक्षक भिंत सापडली तर सोडू नका, तेवढा मोठा कॅनव्हास पुन्हा मिळायचा नाही. तिच्यातून प्लॅस्टिकच्या नळ्या बाहेर डोकावत असतात. डोंगरात मुरलेलं पाणी त्यांतून निथळलं नाही, तर भिंतीमागे दाब वाढत जातो. चित्रात त्या फारच खुपतात, म्हणून सिमेंटचे बोळे कोंबून वर सूर्यफुलं काढा. याच घाटकोपरात जुलै 2000 मध्ये दरड कोसळून 60 हून जास्त माणसं गेली, हे कोणी ऐकवलं तर म्हणा, तेव्हा इथे रंग कुठे होता?

घसरायला जुलै उत्तम, फोटो मात्र मेअखेरपर्यंत उरकून घ्या. जून लागला की लोक छपरावर आणि गळक्या भिंतीवर ताडपत्री ओढतात, आणि भिंतीवर रंगवलेला तुमचा आवडता मोर तिच्याखाली जातो. आजींना विनंती करून बघा, पाच मिनिटं काढतील. त्या आतली बादली रिकामी करायला वळतील, तेवढ्यात दोन फोटो होतात.