"मारायचं नव्हतं, फक्त धडा शिकवायचा होता" म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर जमावाच्या मारहाणीत माणूस गेल्याची एक बातमी आली आणि तिच्याखाली आमच्याच घरातल्या एका शिकल्यासवरल्या माणसाने लिहिलं, "सगळ्यांवर खुनाचं कलम म्हणजे अतीच होतं, कुणाला जीव थोडाच घ्यायचा होता, धडा शिकवायचा होता, गर्दीत एखादा फटका वर्मी बसतो." त्यावर लगेच चार जणांचे अंगठे. माझं डोकंच फिरलं. तिथे उत्तर दिलं असतं तर तोंडातून नको ते गेलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मैत्रिणीच्या भावाला असाच "धडा" शिकवला होता. चोरीचा संशय, सात-आठ जण, काठ्या, पट्टे, लाथा. चोरी केलीच नव्हती हे नंतर कळलं, पण केली असती तरी काय? खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, सोबतीला म्हणून मी सेशन कोर्टात बसायचे. डॉक्टरांची साक्ष झाली त्या दिवशीही होते. डॉक्टर म्हणाले, एकेक जखम सुटी बघितली तर जीवघेणी नाही, पण सगळ्या मिळून मरण यायला पुरेशा आहेत. आरोपींच्या वकिलाने पहिलं अर्धं वाक्य उचललं आणि शेवटपर्यंत तेवढंच धरून बसला. रिपोर्टातली जखम नंबर चार कुणाची? माहीत नाही. नंबर नऊ? माहीत नाही. म्हणजे ह्याच्या फटक्याने मेला नाही, त्याच्याही नाही, मग पोरगा मेला कशाने?

आणि कायदा असा नाहीये हो! हेच मला ओरडून सांगायचंय. कायद्याला हा प्रश्न कधीचाच सुटलेला आहे. 1958 सालचा विरसा सिंगचा निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा, भाल्याचा एकच घाव होता, न्यायमूर्ती विवियन बोस यांनी स्पष्ट लिहिलं की आरोपीला जीव घ्यायचा होता का हे बघायची गरजच नाही. जी जखम केली ती त्याला करायचीच होती का, आणि नेहमीच्या क्रमाने तशी जखम माणसाला मारायला पुरेशी आहे का, एवढंच बघायचं. दोन्हीचं उत्तर हो असेल तर तो खून. "मला एवढं वाटलं नव्हतं" ही पळवाट तिथेच बंद केलीय.

मग जमावाचं काय? त्यालाही कलम आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत 149, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 190. पाच किंवा जास्त जण बेकायदेशीर उद्देशाने जमले आणि त्या उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, किंवा असा गुन्हा होऊ शकतो हे बाकीच्यांना माहीत होतं, तरी तो गुन्हा प्रत्येकाचा. माहीत होतं! आता मला सांगा, जमिनीवर पडलेल्या, हात जोडणाऱ्या माणसाला सात जण काठीने झोडपतायत तेव्हा हा मरू शकतो हे कुणाला माहीत नसतं? पाचपेक्षा कमी असतील तर समान इराद्याचं जुनं कलम 34 आहेच. कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्टात 1923 साली पोस्टमास्तरचा खून झाला, त्यात बरेंद्रकुमार घोष म्हणत होता मी नुसता बाहेर उभा होतो. 1924 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, त्याचं ऐकलं नाही. शंभर वर्षं झाली याला.

पण पुस्तकातलं कलम वेगळं आणि साक्षीचा पिंजरा वेगळा. काकू पिंजऱ्याची लाकडी कड अंगठ्याने घासत उभ्या होत्या, उत्तर देताना अंगठा थांबायचा. पहिला फटका कुणी मारला, कुठल्या हाताने, तुम्ही किती फुटांवर होता, मध्ये कोण उभं होतं. काकू म्हणाल्या, "मी पोराकडं बघत होते, काठ्यांकडं नाही बघितलं." न्यायाधीश साहेबांनी ते टायपिस्टला मराठीतच सांगितलं, "कोणी कोणती काठी मारली हे साक्षीदारास सांगता येत नाही." झालं. आईचं वाक्य रेकॉर्डवर असं उतरलं.

बाकीचे साक्षीदार फितूर झाले. काही जण सुटले आणि उरलेल्यांना खुनाचं 302 नाही, 304 भाग दोन. सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा कमी गुन्हा. कारण काय तर प्राणघातक हत्यार नव्हतं, घाव नाजूक जागी नव्हते, जिवे मारायचा हेतू सिद्ध नाही. अरे पण विरसा सिंग? सगळ्या जखमा मिळून पुरेशा आहेत म्हणणारा डॉक्टर? बाहेर आल्यावर काकूंनी मला विचारलं, "म्हणजे त्याचा खून झालाच नाही का गं?" मी काय सांगणार होते.

बरं, मान्य, गर्दीतला प्रत्येक जण मारेकरी नसतो, नुसत्या बघ्यांची आणि जुन्या वैरातली नावं एफआयआरमध्ये घुसडली जातात, म्हणूनच 1964 च्या मसलटी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मोठ्या जमावाच्या खटल्यात दोन-तीन किंवा जास्त साक्षीदार एकच हकीकत सांगतायत का ते तपासणं गैर नाही. पण त्याच निकालात हेही आहे की जमावात सामील असलेल्या प्रत्येकाने स्वतः हात उचलला हे सिद्ध करावं लागत नाही. हे दुसरं वाक्य मात्र सोयीने विसरतात सगळे.

आणि आता न्याय संहितेत जमावाच्या खुनासाठी नवीन कलम 103(2) आलं म्हणून खूश होणाऱ्यांनीही जरा थांबा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणावरून मारलं तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. चांगलंय, नको कशाला म्हणू. पण 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, ते कुठल्या कारणात बसवायचं? अफवा हे कारण त्या यादीत लिहिलेलं नाही, "तशाच इतर कारणावरून" यात ती बसते का यावर वकील वर्षानुवर्षं भांडतील. माझ्या मैत्रिणीच्या भावासारखी केस तर त्यात येणारच नाही. तिथे पुन्हा तेच, साधं खुनाचं कलम, जमावाचं कलम, आणि नऊ नंबरची जखम कुणाची.

ग्रुपवर अंगठा दाखवणाऱ्या चौघांचा मला आता तेवढा रागही नाही. त्यांनी ती लाकडी कड घासणारी आई बघितलेली नाही. राग आहे तो सगळं शिकून, कोट घालून, तेच वाक्य कोर्टात युक्तिवाद म्हणून मांडणाऱ्यांचा आणि ते ऐकून घेणाऱ्यांचा.

एक गोष्ट आम्हाला तेव्हा कुणीच सांगितली नाही. सरकारी वकील दुसऱ्या केसला पळाले आणि आम्ही घरी आलो. कायद्यात 2009 पासून तरतूद आहे, जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) 372 मध्ये होती, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) 413 मध्ये आहे: आरोपी सुटला, किंवा खुनाऐवजी कमी गुन्ह्यात शिक्षा झाली, तर गेलेल्याच्या घरचे स्वतः अपील करू शकतात. सरकारने अपील करायची वाट बघत बसायची गरज नाही. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी असं झालं असेल तर निकालाची सर्टिफाइड कॉपी काढायला सांगा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आणि डॉक्टरांची साक्ष जोडा, आणि दिवस घालवू नका. वकील मिळत नसेल तर मला मेसेज करा, दोन-तीन चांगले लोक आहेत ओळखीचे.