ब्रँडीवाइन आणि भुसावळचं ऊन

नमस्कार भाऊ. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या उन्हात ब्रँडीवाइन, म्हणजे मोठ्या फळाचा जुना टमाट्याचा वाण, लावणं ही नुसती हौस, झाडाला चार टमाटे लागणार. त्यापेक्षा संकरित लावा, आणि बी धरायचंच असेल तर गावठीचं धरा.

चार टमाट्यांचं मान्य. उत्पन्नात तो संकरिताच्या जवळपासही येत नाही. सालही इतकी पातळ, की क्रेटच्या तळाशी गेला की संपला. बाजारासाठी कुणी लावूच नये.

उन्हाचं मात्र तुम्ही उन्हाळी लागवड धरून लिहिलंय. दिवसा पारा ३५च्या वर आणि रात्री २१-२२च्या वर राहिला की टमाट्याचा पराग निकामी होतो, फुलं गळतात. संकरितालाही ते चुकत नाही, मोठ्या फळाच्या जुन्या वाणांना जरा जास्त जाचतं. म्हणून मी मे महिन्याच्या वाटेला जातच नाही. ऑगस्टअखेर बी ट्रेमध्ये, सप्टेंबरअखेर रोपं गादीवाफ्यावर, म्हणजे फुलोरा नोव्हेंबरच्या गार रात्रींत येतो. लागवडीपासून पिकलं फळ हाती यायला ८०-९० दिवस. उशीर केलात तर फुलं कडक थंडीत सापडतात आणि फळं वेडीवाकडी, बुडाशी चिरलेली निघतात.

खरा वैरी पांढरी माशी. शेजारी कपाशी असली की ती आलीच, आणि तिच्यासोबत पानं आकसवणारा विषाणू. रोपं बारीक जाळीखाली वाढवा. काळ्या जमिनीत पाणी थोडं थोडं, पण नेमानं द्या. कोरड पाडून एकदम भिजवलं की फळ तडकतं.

आता गावठी. ते माझ्याकडे आहेच, भाजीला त्याच्या आंबटपणाला तोड नाही. पण कळण्याच्या भाकरीवर मिठाची चिमूट टाकून जाड चकती ठेवायची, तर ब्रँडीवाइनच हवा. पाणी कमी, गरच गर.

दोन्ही शेजारी लावले तर बी बिघडेल, हीही शंका तुम्ही काढलीत. टमाट्यात बहुतेक स्वपरागीभवनच होतं, तरी मधमाशी कधीतरी घोळ घालते. ब्रँडीवाइनचं पान बटाट्यासारखं, सलग कडेचं. संकर झालेलं रोप ट्रेमध्येच कातरलेलं पान दाखवतं. चौथं पान आलं की मी ट्रे उन्हात धरून बघतो आणि तेवढी रोपं उपटतो.

बी हवं असेल तर कळवा, फळं पिकली की काढून ठेवतो.