साडेसहा पौंडांचा चाप

माझ्या रायफलचं वजन साडेसात पौंड आणि तिचा चाप, म्हणजे ट्रिगर, ओढायला लागणारा जोर साडेसहा पौंड. म्हणजे दर गोळीला मी जवळजवळ अख्खी रायफल एका बोटावर तोलत होतो. बोट ओढतं, मनगट वळतं, नळी हलते आणि शंभर यार्डांवरचा कागद कोरा राहतो. शेजारच्या बाकावरचा माणूस दुर्बिणीतून बघतो आणि सहानुभूतीने खाकरतो.

रायफल रेमिंग्टन 700, सेकंडहँड. आधीच्या मालकाने चापाच्या स्क्रूंवर कसलीशी राळ ओतून पुढच्या पिढ्यांचा कायमचा बंदोबस्त केला होता. इथे पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल-हंगाम म्हणजे जवळपास सणच. 2019 साली तो नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारवर आला. त्याआधी सोमवारी उघडायचा आणि कित्येक शाळांना त्या दिवशी चक्क सुट्टी असायची. तेव्हा हंगामाआधी चाप बदलायचा, असं ठरलं.

ठरवणं सोपं, निवडणं महाकठीण. हे मॉडेल 1962 पासून बाजारात आहे, त्यामुळे त्यासाठी ट्रिगर न बनवणारा कारखानदार शोधावा लागेल. अ‍ॅरिझोनाचे टिमनीवाले 1946 पासून हेच करतात. कॅनडाचे ट्रिगरटेकवाले आत एक इवलासा रोलर बसवतात, म्हणजे धातूवर धातू घासायलाच नको. शिवाय एका टप्प्याचा हवा की दोन टप्प्यांचा? बोट टेकायचं पातं वाकडं हवं की सरळ? किंमत दीडशे डॉलरपासून तीनशेपर्यंत, आणि त्यापुढेही हात आखडता घ्यायला कोणी सांगत नाही. प्रत्येक जाहिरातीत एकच ग्वाही: चाप काचेची कांडी मोडावी तसा सुटतो. काचेची कांडी मी एकदाच मोडली आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत, आणि तिचे पैसे बाबांनी भरले. तो अनुभव पुन्हा विकत घ्यावासा वाटत नव्हता.

"एवढ्या पैशांत किती किलो मटण येईल?" बायकोने विचारलं.

हिशोब मी केला होता. तो सांगण्यासारखा नव्हता.

शेवटी शेजारच्या आजोबांना शरण गेलो. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांनी रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री केली, चाप एकदा दाबून पाहिला आणि बोट झटकलं. "तीन पौंडांवर ठेव. त्याखाली जायचा मोह होईल, जाऊ नकोस. कागदावर नेम धरणाऱ्यांचे चाप काही औंसांवर सुटतात, पण ते लोक जाड हातमोजे घालून गोठलेल्या ओढ्यावरून चालत नाहीत." एवढ्या बाजारपेठेतून नेमकं कामाचं हे एकच वाक्य मिळालं, तेही फुकट. मी तीन पौंडांवर लावता येणारा, एका टप्प्याचा, वाकड्या पात्याचा साधा ट्रिगर मागवला.

बसवायचं काम ऐकायला किरकोळ आहे. गोळ्या दुसऱ्या खोलीत, बोल्ट (गोळी आत ढकलणारा मागचा दांडा) बाहेर, खालचे दोन स्क्रू काढले की लोखंड लाकडापासून सुटतं. ट्रिगर दोन आडव्या पिनांवर लटकलेला असतो. पंच लावून हलक्या हाताने ठोकल्या की झालं. पण त्यातल्याच एका पिनेच्या भरवशावर बोल्ट अडवणारी पट्टी असते आणि तिच्यामागे एक स्प्रिंग. केसासारखी बारीक आणि स्वभावाने पळपुटी. आजोबांनी ताकीदच दिली होती की सगळा प्रकार मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करायचा. मी केला. पिन सरकली, आतून टिक् असा आवाज आला आणि स्प्रिंग पिशवीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पिशवी नसती तर ती कपडे वाळवायच्या मशीनमागे गेली असती, आणि तिथून आमच्या घरात आजवर काही परत आलेलं नाही.

नवा ट्रिगर आत गेला, तर सेफ्टीचा खटका लाकडाला घासायला लागला. अक्रोडाचा तो दस्ता कानशीने नखभर तासताना मी जितका श्वास रोखला, तितका नेम धरतानाही कधी रोखलेला नाही.

मग वजन लावणं. ताणकाट्याचा हूक चापाला अडकवायचा, ओढायचं, वाचायचं, स्क्रू जरासा फिरवायचा, पुन्हा ओढायचं. तीन पौंड जमल्यावर स्क्रू हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडायची पद्धत आहे. बायकोने बाटली दिली. "मला ही परत नको," म्हणाली.

सर्वांत महत्त्वाची ती तपासणी. सेफ्टी लावायची, चाप दाबायचा, सोडायचा, मग सेफ्टी काढायची. रिकामी रायफल गप्प राहिली पाहिजे. बोल्ट धाडकन बंद करायचा, तरी गप्प. शेवटी रबरी हातोड्याने दस्त्यावर चहूबाजूंनी ठोकायचं. नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन गॅरेजमध्ये आली. इतके पैसे घालून दुरुस्त केलेल्या वस्तूला नवरा हातोड्याने बडवतो आहे, हे तिने शांतपणे पाहिलं आणि चहा तसाच परत नेला.

रायफल मात्र एकदाही बोलली नाही.

खंडेनवमीला तिची पूजा मांडली, पंच आणि पेचकसांसकट. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर. हरणं मारण्यावरून तिचं माझ्याशी भांडण आहेच, पण पूजेत हयगय तिला चालत नाही.

"चापाला कुंकू लावलं नाहीस?"

"आई, आत कण गेला तर अडकतो तो."

"मग नारळ तरी फोड."

समोर हातोडा एकच होता. रबरी हातोड्याने नारळ फुटत नाही.