पिशवी, चोर आणि ‘थोतांड’: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

इथे इंग्लंडमधल्या शाळेत लेकीला मिळालेल्या इंग्रजीच्या गृहपाठावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. उत्तराला चार दिवस लागले, कारण दोनदा लिहून खोडलं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेखकाने अमुकच शब्द का वापरला, हे दहा वर्षांच्या पोरांना विचारणं म्हणजे ज्योतिष. त्याला सुचला, त्याने लिहिला. तुम्ही वर्षानुवर्षं शब्दार्थ आणि व्याकरण पक्कं करून घेतलंत आणि मुलं चांगलं इंग्रजी शिकली. ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्यांच्यावर तर हा सरळ अन्याय आहे. शेवटी तुम्ही या सगळ्याला ‘थोतांड’ म्हटलंत. ‘चुकीची पद्धत’ असंही लिहिता आलं असतं. ‘थोतांड’ वाचून तुम्हाला हे नुसतं पटलेलं नाही असं नव्हे, तुम्ही चांगलेच चिडला आहात, हे मला कळलं. त्यासाठी तुमची पत्रिका मांडावी लागली नाही.

आता मूळ वाक्य. ‘शी क्लच्ड हर बॅग ॲज द बस पुल्ड इन.’ म्हणजे बस येऊन थांबत असताना तिने पिशवी आवळून धरली. प्रश्न होता, या बाईला काय वाटतंय आणि ते कशावरून कळतं? लेकीने लिहिलं, ‘ती घाबरली आहे, कारण बसमध्ये चोर आहे.’ चोर कुठून आला विचारलं तर म्हणाली, ‘असणारच ना!’ इथे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, हे ज्योतिषच. तिच्या बाईंनीही समासात ‘हाऊ डू यू नो?’ एवढंच लिहून वही परत पाठवली होती.

मग आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि बाईने पिशवी धरली हे इंग्रजीत किती शब्दांनी सांगता येईल ते कागदावर मांडलं. हेल्ड, कॅरीड, ग्रिप्ड, हग्ड, क्लच्ड. माझी बाजाराची पिशवी घेऊन तिने एकेक करून दाखवलं. ‘हेल्ड’ला हात सैल. ‘हग्ड’ला पिशवी छातीशी, मान कलती. ‘क्लच्ड’ म्हटल्यावर बोटं आपोआप आवळली, खांदे कानाशी गेले. मग तीच म्हणाली, ‘पिशवी जाईल असं वाटतंय तिला.’ कोण नेईल ते वाक्यात नाही, म्हणून चोर बाद. सर, लेखकाच्या डोक्यात शिरायचंच नाहीये. पाच शब्द रांगेत उभे होते, चार घरी बसले, एक कागदावर आला. तो सोबत काय घेऊन आला ते बघायचं. त्याला तो सहज सुचला असेल तर असू दे. तुम्हालाही ‘थोतांड’ सहजच सुचलं असणार.

(मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण हा उत्तर लिहायचा इथल्या शाळांचा आवडता साचा. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो ‘पी’, म्हणजे इंग्रजीत शू, त्यावर वर्ग खिदळतो. आमच्या घरी ‘पी’ म्हणजे दूध पी, त्यामुळे हसणं दुप्पट.)

शब्दार्थ कुणी मोडीत काढलेले नाहीत. इंग्लंडमधल्या सहावीच्या मुलांना मे महिन्यात वाचनाचा सरकारी पेपर असतो, एक तासाचा, ५० गुणांचा. त्यात शब्दाचा अर्थ विचारणारे प्रश्न असतात आणि हे अनुमानाचेही असतात.

अन्यायाचा मुद्दा मात्र खरा आहे. ‘होमली’ शब्द घ्या. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींत ‘होमली’ म्हणजे घर सांभाळणारी. अमेरिकेत तेच मुलीला म्हटलं तर दिसायला बेताची. इथे एखादी खोली ‘होमली’ असेल तर ती उबदार, आपलीशी. शब्दकोशात तिन्ही अर्थ असले, तरी कुठे कोणता लागू पडतो हे तिथे राहूनच कळतं, आणि आमच्या पोरांच्या घरात ते आयतं येत नाही. पण ऐकायचा कान येतो. माझी आई व्हिडिओ कॉलवर सांगत होती, ‘सगळ्यांची जेवणं उरकली आणि मग दोन वाजता तुझा मामा उगवला.’ लेक लगेच म्हणाली, ‘आजी, तू मामावर चिडलीस?’ आला, पोचला, टपकला, उगवला, कडमडला ही रांग तिला कुणी शिकवलेली नाही. तिने मराठीत जे सहज केलं तेच इंग्रजीत सावकाश करायचं आहे, एवढंच मी तिला सांगते.

परीक्षेनंतर याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत. जालियनवाला बागेला शंभर वर्षं व्हायला तीन दिवस होते. १० एप्रिल २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे ब्रिटिश संसदेत त्यावर बोलल्या. ‘ट्रॅजेडी’ म्हणाल्या, ‘शेमफुल स्कार’ (लाजिरवाणा व्रण) म्हणाल्या, ‘वी डीपली रिग्रेट’ (आम्हाला मनापासून खेद आहे) म्हणाल्या. ‘अपॉलजी’, म्हणजे माफी, हा शब्द काही आला नाही. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथल्या तिथे पूर्ण आणि स्पष्ट माफीची मागणी केली, म्हणजे न आलेला शब्द त्यांना बरोबर ऐकू आला होता. शब्दार्थाच्या वहीत ‘रिग्रेट’ आणि ‘अपॉलजी’ दोन्हींपुढे ‘दिलगिरी’ लिहिलं तरी गुण मिळून जातात. आणि ‘ट्रॅजेडी’ तर भूकंपालाही म्हणतात. गोळ्या कुणी झाडल्या हे त्या शब्दात नाहीच.

तुमच्या एका वाक्याने मला पकडलं, ते म्हणजे ‘हे तर नवं गाईडच झालं.’ लेखाच्या शेवटी मी तक्ता दिला होता. क्लच्ड म्हणजे भीती, ट्रज्ड म्हणजे थकवा, असे वीसेक शब्द, पाठ करायला सोपे. पण जत्रेत हरवलेला नातू सापडल्यावर आजी त्याला पोटाशी ‘क्लच’ करेल तेव्हा त्यात किती भीती आणि किती सुटका, हे तक्ता कसं सांगणार? तो मी आज काढून टाकला आणि त्या जागी आमची पाच शब्दांची रांग घातली.

लेकीने सुधारलेलं उत्तर दाखवलं, बाईंनी दोनपैकी दोन दिले. चोराबद्दल तिचं मत अजून बदललेलं नाही.