राजगीरचा कप आणि नांदेडची माती

हॉकीचा आशिया कप आपण जिंकला आणि ग्रुपवर ठरलेलं रडगाणं सुरू झालं, क्रिकेटनं हॉकी खाल्ली म्हणून. मला हे कधीच पटलं नाही. नांदेडला डिसेंबरअखेरीस गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड कप ही हॉकी स्पर्धा लागली की खालसा हायस्कूलच्या मैदानाला कडं करून जी गर्दी उभी राहते, ती काय क्रिकेटवाल्यांनी पाठवलेली असते का?

आधी कपाबद्दल. ७ सप्टेंबर २०२५ला बिहारमधल्या राजगीरला फायनलमध्ये आपण कोरियाला ४-१ हरवलं. सुखजीतनं पहिल्याच मिनिटाला गोल टाकला, पुढं दिलप्रीतचे दोन, रोहिदासचा एक. (त्या रात्री ग्रहण. आई वेध पाळून बसली होती आणि मी टीव्हीसमोर चिवडा खात होतो, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.) २००३, २००७, २०१७ नंतरचा हा चौथा कप, शिवाय २०२६च्या विश्वचषकात थेट प्रवेश. "पाकिस्तान आलाच नाही, मग त्यात काय एवढं" म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, हा कप पाच वेळा जिंकलाय तो कोरियानं, पाकिस्ताननं तीनदाच. आणि याच कोरियानं फायनलआधीच्या सुपर फोर फेरीत आपल्याला २-२ वर अडवलं होतं. कझाकस्तानवरचे पंधरा गोल मात्र मी धरत नाही, ती मॅच नव्हतीच.

आता मूळ मुद्दा. १९७५ला आपण गवतावर विश्वचषक जिंकलो. दुसऱ्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर, म्हणजे प्लास्टिकच्या गवतावर आली आणि आपण सातवे. १९८०चं मॉस्कोचं सुवर्ण आहे, पण तिथं निम्मे तगडे संघ बहिष्कारामुळं आलेच नव्हते. खेळ बदलला तो पायाखाली.

मातीवर चेंडू कधी उसळेल याचा नेम नाही. म्हणून आमचं लेकरू आधी शिकतं ते नडगी वाचवायला. चेंडू थांबवायचा, मग बघायचं, मग पास. टर्फवर एवढा वेळ कोण देतो? तिथं कमरेत वाकून, स्टिक जमिनीसरशी ठेवून, पळता पळता चेंडू घ्यावा लागतो. सातवी-आठवीपासून अंगात मुरलेली सवय निवड चाचणीच्या एका सकाळी कशी मोडणार? पोरगं बाद होतं आणि घरचे म्हणतात, नशीब.

टर्फ म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न पाण्याचा. बरोबरच आहे. मोठ्या स्पर्धांच्या टर्फवर मॅचआधी आणि मध्यंतरात फवारे सोडतात, हजारो लिटर जातं. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपण विसरलेलो नाही. (२०२५ला आमच्याच जिल्ह्यात मुखेडकडं उलटंच झालं, पाणी घरात शिरलं.) पण सगळ्या टर्फला पाणी लागतं हा गैरसमज आहे. वाळू भरलेलं टर्फ कोरडं चालतं, शाळांसाठी तेच वापरतात. आंतरराष्ट्रीय महासंघसुद्धा आता कमी पाण्याच्या टर्फकडं वळलाय, पॅरिस ऑलिंपिकच्या टर्फला आधीपेक्षा बरंच कमी पाणी लागलं.

राजगीर नांदेडपेक्षा कितीतरी लहान गाव. बिहारला पंजाब-ओडिशासारखी हॉकीची परंपरा पण नाही. तरी तिथं मैदान झालं, प्रवेश फुकट ठेवला आणि लोक आले. आपल्याकडं लोक पिढ्यान्‌पिढ्या येतायत, मैदानच तेवढं मागं राहिलंय.

मला राजगीरसारखं स्टेडियम नको. गॅलरी नको, फ्लडलाइट नको, उद्घाटनाचा दगड तर अजिबात नको. ज्या शाळेत आजही पोरं रोज स्टिक घेऊन उतरतात, तिथं एक वाळूचं टर्फ पुरे, अर्धं असलं तरी चालेल. जिल्हा नियोजन समितीत कुणाची ओळख असेल तर इनबॉक्समध्ये या. अर्ज मी लिहितो, सह्या गोळा करायला माणसं लागतील.