बॉम्ब बांधलेले डॉल्फिन : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

‘अमेरिका आणि रशिया डॉल्फिन माशांच्या अंगावर बॉम्ब बांधून त्यांना शत्रूच्या जहाजांवर सोडतात’, अशा वाक्याने सुरू होणारा एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरताना दिसतो. व्हिएतनाममध्ये डॉल्फिनांनी ६० पाणबुडे मारले, अमेरिकेतील कॅटरिना वादळात विषारी बाण लावलेले डॉल्फिन सुटले, नॉर्वेत हेर देवमाशाला गोळी घातली आणि आता यंत्रे आल्यामुळे हा सगळा प्रकार बंद पडला, असे आणखी चार दावे त्याला जोडलेले असतात. मजकूर निव्वळ खोटा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्यातील खोट्यात खऱ्याची भेसळ आहे, म्हणून एकेक दावा वेगळा काढून पाहावा लागतो. (डॉल्फिन हा मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, एवढी दुरुस्ती वाटेत करून ठेवतो.)

पहिला दावा बॉम्बचा. अमेरिकी नौदलाने १९६० मध्ये नॉटी नावाची एक डॉल्फिन मादी घेतली ती टॉर्पेडोचा, म्हणजे पाण्याखालून धावणाऱ्या स्फोटक अस्त्राचा, आकार सुधारण्यासाठी, कारण पाण्याचा विरोध हे प्राणी कसा कापतात याचे अभियंत्यांना कुतूहल होते. प्राणी माणसाच्या हाताखाली काम करू शकतो, हे हळूहळू लक्षात आले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सुमारे ६० मीटर खोल बसवलेल्या ‘सीलॅब २’ या समुद्रतळावरच्या घरात राहणाऱ्या पाणबुड्यांना टफी नावाचा डॉल्फिन अवजारे आणि टपाल नेऊन देत असे. आजचे मुख्य काम सुरुंग शोधण्याचे आहे. डॉल्फिन स्वतः काढलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तळावरची, इतकेच नव्हे तर गाळात रुतलेली वस्तूही ओळखतो, होडीकडे परत येतो आणि ठरलेल्या खुणेने सापडले किंवा नाही ते सांगतो. सापडले असल्यास त्याच्याकडे एक खुणेचा बोया दिला जातो, तो त्या जागी सोडून तो परततो आणि सुरुंग निकामी करण्याचे काम माणसे करतात. २००३ मध्ये इराकमधील उम्म कस्र बंदराचा मार्ग मोकळा करताना हेच झाले.

स्फोटके लादण्याला नौदलाचा स्वतःचा आक्षेप व्यावहारिक आहे : आपले जहाज कोणते आणि परके कोणते, हे प्राण्याला कळत नाही, म्हणून मारण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवता येत नाही. त्यात हिशेबाचीही बाजू आहे, असे मला वाटते. वर्षानुवर्षे शिकवलेला, मोकळ्या समुद्रात सोडला तरी परत येणारा प्राणी एका स्फोटात घालवणे कोणत्याही नौदलाला परवडणारे नाही. सोव्हिएत काळात सेवास्तोपोलच्या तळावर असे प्रयोग झाल्याचे तेथील काही जुन्या प्रशिक्षकांनी सांगितले आहे आणि ते नाकारण्याची गरज नाही. मात्र कोणत्याही युद्धात डॉल्फिनने जहाज उडवल्याची खात्रीशीर नोंद नाही, आणि मजकुरातील ‘सोडतात’ हा वर्तमानकाळ तर सर्वस्वी निराधार आहे.

व्हिएतनामच्या दाव्यात स्थळ खरे आहे. १९७० ते १९७१ या काळात काम रान्ह उपसागरातील दारूगोळ्याच्या धक्क्यावर पाच डॉल्फिन पहाऱ्याला होते. दाबलेला वायू भरलेली सुई टोचून त्यांनी माणसे मारली, ही गोष्ट पुढे पसरली. नौदलाने ती सतत नाकारली आणि ६० या आकड्यामागे कोणतीही नोंद कधी दाखवली गेली नाही. पहाऱ्याची पद्धत पाहिली तर गोष्ट आणखी अनावश्यक वाटते. पहाऱ्यासाठी नौदलाने शिकवलेला सी लायन (सीलसारखा सागरी सस्तन प्राणी) तोंडात एक चाप धरून पोहत जातो, घुसखोराच्या पायाला तो मागून अडकवतो आणि निघून येतो. चापाला बांधलेली दोरी वरच्या होडीत असते, त्यामुळे माणूस ओढून घेता येतो. जिवंत सापडलेल्या घुसखोराकडून माहिती काढता येते.

प्राण्यांची खरी हेळसांड मात्र या मजकुरात कोठेच नाही. इराण-इराक युद्धाच्या अखेरच्या काळात आखातात नेलेल्या सहा डॉल्फिनांपैकी एक संसर्गाने मेला. वॉशिंग्टन राज्यातील बँगोर तळाच्या थंड पाण्यात उबदार पाण्यातले डॉल्फिन ठेवण्याच्या बेताविरुद्ध १९८९ मध्ये प्राणिमित्र संघटनांना न्यायालयात जावे लागले.

कॅटरिनाचा दावा झटकन निकाली निघतो. सप्टेंबर २००५ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने एका व्यक्तीच्या सांगण्यावरून ३६ सशस्त्र डॉल्फिन बेपत्ता झाल्याची बातमी छापली. नौदलाचे डॉल्फिन तेव्हा सॅन डिएगोत, म्हणजे वादळापासून हजारो किलोमीटर दूर होते. वादळाच्या तडाख्यात सापडलेल्या गल्फपोर्टच्या सागरी प्राणी उद्यानाची टाकी फुटून आठ डॉल्फिन वाहून गेले होते, एवढेच खरे. ते खेळ करणारे होते आणि आठही परत मिळाले.

नॉर्वेचा बेलुगा, म्हणजे पांढरा देवमासा, एप्रिल २०१९ मध्ये फिनमार्कच्या मच्छीमारांना दिसला तेव्हा त्याच्या अंगावर पट्टा होता, त्यावर कॅमेरा बसवण्याची सोय होती आणि बकलावर इंग्रजीत सेंट पीटर्सबर्गचे नाव होते. तो रशियात माणसाळवलेला होता, याबद्दल फारशी शंका नाही. हेर म्हणणे मात्र घाईचे आहे, कारण त्याला नौदलाच्या तळाच्या पहाऱ्यासाठी तयार केले होते, असे रशियन संशोधिका ओल्गा श्पाक यांनी २०२४ मध्ये सांगितले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला स्टाव्हँगरजवळ हा बेलुगा, ज्याला ह्वाल्दिमिर असे नाव पडले होते, मृत सापडला आणि दोन संघटनांनी गोळीबाराचा आरोप केला. शवविच्छेदनात गोळी मिळाली नाही. तोंडात सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची काठी अडकलेली होती आणि मृत्यूचे संभाव्य कारण जिवाणूसंसर्ग ठरले. आरोपाच्या बातम्या जगभर गेल्या, काठी मागे राहिली.

राहिला यंत्रांचा दावा. डॉल्फिनांच्या जागी पाण्याखालचे रोबोट आणण्याची घोषणा २०१२ च्या सुमारास झाली होती खरी, पण अमेरिकी नौदलाचे सॅन डिएगोतील डॉल्फिन केंद्र चालूच राहिले, कारण उथळ, गढूळ आणि गोंगाटाच्या पाण्यात गाळातली वस्तू ओळखणे यंत्राला अवघड जाते. २०१३ मध्ये तेथे सरावाच्या वेळी टेन नावाच्या डॉल्फिनने पाण्यातून वर येऊन होडीच्या पुढच्या भागाला तोंड लावले. पुढे तोंड लावले तर सापडले, मागे लावले तर काही नाही, अशी खूण होती; पण त्या जागी सरावाचा सुरुंग ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे प्रशिक्षकांना ती चूक वाटली. आठवड्याभराने स्पेट्झ नावाच्या दुसऱ्या डॉल्फिनने तीच खूण केली, तेव्हा माणसे खाली उतरली आणि त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, सुमारे ५० च नग बनलेल्यांपैकी एक पितळी हॉवेल टॉर्पेडो दोन तुकड्यांत पडलेला मिळाला. अंगावर कोरलेला २४ हा क्रमांक अजून वाचता येत होता.