टाळी वाजवली म्हणून मी गद्दार?

आज कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीची, म्हणजे आमच्या पेठेच्या संघाची, फुटबॉल मॅच होती. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या संघाच्या डाव्या विंगवरच्या पोरानं आमचे दोन डिफेंडर अंगावर घेतले, दोघांच्या मधून बॉल काढला आणि लांबच्या पोस्टला असा ठेवला की आमचा गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. माझ्याकडून टाळी गेली. लगेच मागून आवाज, "ओ पावणं, कुणाकडनं आलाय? जावा की तिकडच्या गॅलरीत!" दुसरा म्हणाला, "गद्दार हाय त्यो." बोलणारी पोरं विशीतली. त्यांच्या जन्माच्या आधीपासून मी त्या पायऱ्यांवर बसतोय. मी गप्प राहिलो, कारण आपल्या मैदानावर एका शब्दावरनं काय पेटतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण घरी येऊन जेवलो तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितोय.

तुम्ही मला ओळखता. गावात आमची तालीम आणि बाहेर इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड क्लब, यात मरेपर्यंत बदल नाही. पण आवडत्या खेळाडूंची नावं घ्यायची म्हटलं तर निम्मे आमच्या विरुद्ध खेळलेले निघतील. हे मला मामानं दिलं.

एप्रिल 2003. युनायटेड विरुद्ध स्पेनचा रेआल माद्रिद, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, क्वार्टर फायनल. पहिली मॅच माद्रिदमध्ये 3-1 नं हरलेलो, आता आमच्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, परतफेड करायची होती. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. मामा तालमीकडून खेळलेला माणूस, पेठेच्या बाबतीत इतका कडवा की मॅचच्या आठवड्यात समोरच्या पेठेतनं चालतसुद्धा जायचा नाही. टीव्हीचा आवाज बारीक करून आम्ही दोघं बसलेलो. आणि ब्राझीलच्या रोनाल्डोनं आमचा चुराडा केला. एक, दोन आणि तिसरा तर लांबून असा हाणला की आमच्या गोलकीपर बार्थेझनं उडी मारली ती नुसती बघायला. 67व्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावलं आणि सगळं ओल्ड ट्रॅफर्ड उभं राहिलं. आपल्याच घरात आपल्याला तीन गोल घालणाऱ्यासाठी! मी रडकुंडीला आलेलो. बाजूला बघतो तर मामा उभा. बनियनवर, टीव्हीसमोर, टाळ्या वाजवत. मामी झोपेतून उठून आली, "जिंकलं का तुमचं?" मामा म्हणाला, "हरतोय. पण ह्याला बघ जरा."

नंतर आमच्या बेकहॅमनं बाकावरून येऊन दोन गोल केले, मॅच आम्ही 4-3 जिंकली आणि एकूण 6-5 नं बाहेर पडलो. मला मात्र त्या रात्रीचा मामाच आठवतो.

आज मागच्या पोरांनी त्याला पण गद्दार म्हटलं असतं का? म्हटलंच असतं. आणि याचाच मला संताप येतोय. कोण तुम्ही? स्कार्फ घातला, चार शिव्या पाठ केल्या की निष्ठा झाली? समोरचा पोरगा पाय मुरगळून पडल्यावर तुम्ही शिट्ट्या मारता. तो पोरगा कुणाचा आहे? पलीकडच्या गल्लीतला. उद्या त्याच्याच दुकानात तुम्ही मोबाईलला रिचार्ज मारणार आहात.

मान्य आहे, ईर्षा नसेल तर तालमीच्या मॅचला कुत्रं पण येणार नाही. ईर्षा मलाही हवी. पण ईर्षा कुणाशी करायची? जो भारी खेळतो त्याच्याशीच ना?

आर्सेनलच्या थिएरी हेन्रीचं सांगतो. ऑक्टोबर 2000, त्यांचं हायबरी मैदान. गोलकडे पाठ, बॉल पायानं वर उचलला, गर्रकन वळला आणि हवेतच मारला. गोलात पुन्हा आमचा बिचारा बार्थेझच. आर्सेनल 1-0 नं जिंकलं. पुढची कैक वर्षं हेन्रीच्या पायात बॉल आला की माझ्या पोटात गोळा यायचा आणि तरी नजर हटायची नाही. आमच्या वेन रूनीवर माझा जीव, पण हेन्रीची जी भीती वाटायची ना, ते पण प्रेमच होतं.

आणि स्टीव्हन जेरार्ड. हो, लिव्हरपूलचा. युनायटेडवाल्या मित्रांनो, शिव्या घालायच्या तर घाला. 2005 ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला मिलानविरुद्ध हाफटाइमला 0-3 असताना ज्यानं डोक्यानं पहिला गोल करून दोन्ही हातांनी आपल्या लोकांना उठवलं, त्याला मी खेळाडू मानायचं नाही? 2015 मध्ये आमच्याविरुद्ध तो हाफटाइमनंतर मैदानात आला आणि 38 सेकंदांत रेड कार्ड घेऊन गेला. त्या दिवशी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण 2014 मध्ये चेल्सीविरुद्ध त्याचा पाय घसरला आणि हातातली इंग्लंडची लीग गेली, त्यावर आमचे लोक अजून गाणी म्हणतात, ते मला सहन होत नाही. इतकी वर्षं एका क्लबसाठी घाम गाळला आणि लीग एकदाही मिळाली नाही. त्याचा दहा वर्षांचा चुलतभाऊ 1989 मध्ये लिव्हरपूलच्या मॅचला हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत गेला. 97 जीव गेले त्या दुर्घटनेत. त्यावरही आमच्यातले काही जण घोषणा देतात आणि तिकडचे काही जण आमचा संघ ज्यात सापडला त्या म्युनिकच्या विमान अपघातावर देतात. दोघांनाही लाज वाटली पाहिजे. म्युनिकमधून मरता मरता वाचलेले आणि युनायटेड पुन्हा उभं करणारे आमचे मॅनेजर मॅट बझ्बी खेळाडू म्हणून कुठं खेळलेले माहीत आहे? मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल. आमचा देव त्यांच्याकडून आलाय!

लिव्हरपूलच्या सुआरेझसाठी मात्र माझे हात कधीच उठले नाहीत, उठणारही नाहीत. आमच्या एव्हराला त्याच्या रंगावरून बोलल्याबद्दल 2011 मध्ये त्याच्यावर आठ मॅचची बंदी आली. पायात कितीही जादू असू दे. मामा जिवंत असता तर त्यानंही नाक मुरडलं असतं.

मामाचं एक सांगायचं राहिलं. त्या रात्री मॅच संपल्यावर मी चिडून विचारलं, "तू त्यांच्यासाठी का टाळ्या वाजवल्यास?" तो म्हणाला, "अरे, आपण मॅच बघायला बसलोय का बदला घ्यायला?" मग त्यानं त्याच्या काळातल्या समोरच्या तालमीच्या एका गोलकीपरची गोष्ट सांगितली. मामाची पेनल्टी त्यानं अडवली होती. तेव्हा मामाला दोन दिवस जेवण गेलं नाही, पण इतक्या वर्षांनीही तो गोलकीपर कुठल्या बाजूला झेपावला हे त्यानं खोलीत करून दाखवलं. स्वतःचे गोल मामानं मला कधीच असे करून दाखवले नाहीत.

2025 च्या जुलैत लिव्हरपूलचा दियोगो जोटा गाडीच्या अपघातात गेला. लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. तेव्हा आपल्या ग्रुपवर लिव्हरपूलचं नाव काढलं की उसळणाऱ्या सगळ्यांनी फोटो टाकले, "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. बरं वाटलं वाचून. पण तो जिवंत असताना, आम्हाला गोल घालत असताना "भारी मारलास लेका" असं त्यांतल्या किती जणांनी म्हटलं? माणूस गेल्यावरच का कळतं की तो चांगला खेळायचा?

आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला अंडर-17 वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला तेव्हा सगळं शहर त्याचं होतं, पेठ कुणी विचारली नाही. मग गावातल्या लीगमध्येच हे काय होतं आपल्याला? आज ज्या पोरानं गोल मारला तो अठरा-एकोणीसचा असेल. उद्या तो बाहेर गेला, इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळला, तर हीच मागची पोरं त्याचे फलक लावतील. लावा, जरूर लावा. पण आज एक टाळी द्यायला काय हरकत होती? त्यानं ऐकली असती.

आता राग थोडा उतरलाय. ती पोरं वाईट नाहीत. मॅच संपल्यावर त्यांतल्याच एकानं वाट करून देत "या काका" म्हटलं. तालमीवर जीव आहे त्यांचा, तो मला दिसतो. फक्त कुणीतरी त्यांच्या शेजारी बसून सांगायला हवं होतं, जसं माझ्या शेजारी कुणीतरी बसलं होतं.

तर कमेंटमध्ये एक-एक नाव लिहा. आपल्या संघाचं नको, आणि लगेच मेस्सी लिहून मोकळे होऊ नका. ज्यानं तुमच्या टीमला खरंच रडवलं आणि तरी आवडला, असा सांगा. तालमीतला असला तर आणखी चांगलं, फक्त भांडणं नकोत. माझ्याकडून पहिला हेन्री.